उठायचं नाही, थॅडियस

माझा नवरा थॅडियस पिम याचा चेहरा अख्ख्या अमेरिकेला ठाऊक होता आणि नाव कुणालाच माहीत नव्हतं. रस्त्यात बायका थांबवून विचारायच्या, तुम्ही आमचे दंतवैद्य ना? मूकपटांच्या काळापासून हॉलिवूडमध्ये तो बड्या घरचा बटलर व्हायचा. घंटी वाजली की दार उघडायचं, पाहुण्याची टोपी घ्यायची, मान लववायची आणि गुपचूप बाहेर पडायचं. घरी मात्र घंटी वाजून वाजून थकली तरी या पठ्ठ्यानं कधी वर्तमानपत्रातून नाक वर काढलं नाही.

आणि एक दिवस तो लॉर्ड झाला. ठरलेल्या नटाला ऐन वेळी गालगुंड झालं आणि दिग्दर्शक केसलरसाहेबांनी थॅडला मालकाच्या खुर्चीत बसवलं. मी त्याच स्टुडिओत कपडेपट सांभाळायची. बातमी ऐकून मी हातातल्या परकरासकट नाचले. माझा नवरा पडद्यावर बसणार होता!

प्रसंग अगदी सोपा होता. लॉर्ड जेवतोय, घंटी वाजते, बटलर दार उघडतो, पाहुणी आत येते आणि लॉर्ड बसल्या जागेवरून म्हणतो, "माफ करा, मी कुणासाठी उठत नाही." बटलर होता थॅडचा जुना दोस्त बेसिल क्रम.

घंटी वाजली आणि आमचे लॉर्ड ताडकन उठून दाराशी! बेसिल बिचारा वाटेतच राहिला. पुन्हा टेक, पुन्हा तेच. थॅड कपाळाला हात लावायचा, खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचा, पण घंटी वाजली की त्याचे पाय त्याला न विचारताच निघायचे. पाहुणी झालेली नटी दाराबाहेर जांभया देऊ लागली. लॉर्डच्या ताटातल्या टर्की कोंबडीवरचा रस्सा गोठला.

"तुला दार उघडायची एवढी हौस आहे ना?" केसलरसाहेब म्हणाले. "मग जेवणाच्या सुट्टीनंतर एकच टेक. उठलास तर बेसिल बसेल आणि तू उघड दार."

बेसिल मान खाली घालून म्हणाला, "थॅड, लेका, बस ना. मला ती खुर्ची नको."

थॅडनं सँडविचला हातही लावला नाही. मी सरळ सुई आणि तंबू शिवायचा दोरा काढला, कोट नीट करते म्हणून त्याला खुर्चीत बसवलं आणि कोटाच्या शेपट्या, विजार, सगळं खुर्चीच्या गादीला पक्कं शिवून टाकलं. तो आपला संवाद घोकत होता.

कॅमेरा सुरू झाला. घंटी वाजली. थॅड उठला, आणि खुर्चीही उठली.

खुर्ची पाठीशी घेऊन, कंबरेत वाकून, तो राजेशाही थाटात दारापर्यंत गेला. मी डोळे झाकून बोटांच्या फटीतून बघत राहिले. त्यानं दार उघडलं, मान लववली, आणि मग आपण उठलोय हे त्याच्या ध्यानात आलं. मग तिथंच, उंबऱ्यात, ऐटीत बसला आणि म्हणाला, "माफ करा, मी कुणासाठी उठत नाही."

कॅमेरावाल्यानं स्वतःचा टाय तोंडात कोंबला. बेसिल सेटच्या पडद्याआड हसून लोळत होता. केसलरसाहेब थांबा म्हणायला तोंड उघडायचे आणि नुसतेच खिंकाळायचे. शेवटी डोळे पुसत त्यांनी हातानंच खूण केली: हाच टेक ठेवा.

चित्रपट लागला तेव्हा आम्ही दोघं सगळ्यात मागच्या रांगेत बसलो. खुर्ची उचलून लॉर्ड निघाला आणि थिएटर हसून हसून दणाणलं. थॅड मान वळवून मागं बघू लागला. आजवर लोक हसायचे ते दुसऱ्याच कुणाला तरी, त्याला तेवढंच ठाऊक होतं.

मागं नुसती भिंत होती.

"तुलाच हसतायत रे," मी म्हणाले.

त्यानं माझा हात घट्ट धरला आणि दिवे लागून सगळे गेले तरी तो काही उठला नाही.