दहाच प्रती

घराला वेगळं दार नव्हतं. खाली छापखाना, वर दोन खोल्या आणि मधे लोखंडी जिना. बाहेर पडायचं तर जिना उतरून, कागदाच्या थप्प्यांमधून वाट काढत वडिलांच्या टेबलासमोरून जावं लागे. थोरली लग्न होऊन त्या टेबलासमोरून गेली ती गेली. धाकटी रोज जायची आणि रोज परत यायची. मशीन सुरू झालं की वरच्या मांडणीतले चमचे किणकिणत. कागद जाड असला की झाकण्याही वाजत. कोणता कागद चाललाय हे तिला अंथरुणातूनच कळायचं.

लिबरल आर्ट्सला प्रवेश घेताना वडिलांनी अभ्यासक्रमाची पुस्तिका प्रूफ तपासावं तशी वाचली होती. तत्त्वज्ञान, इतिहास, थोडं अर्थशास्त्र, थोडी कविता.

"म्हणजे सगळ्यातलं चिमूटभर," ते म्हणाले. "पोट कशानं भरायचं?"

मग त्यांचं बोट मुद्राचित्रणावर, पत्र्यावरून चित्रं छापायच्या विषयावर, थांबलं.

"यात मशीन असतं का?"

"असतं. हातानं फिरवायचं."

"चालेल. शाई ती शाई. चार वर्षं शीक, मग खाली ये."

ती हो म्हणाली. तेव्हा चार वर्षं पुष्कळ वाटली होती.

कॉलेजचा स्टुडिओ तळमजल्यावर होता. आम्लाचा वास, दोरीवर वाळणारे ओले कागद आणि मधोमध मोठ्या चाकाचं प्रेस. आपण हात थांबवला की ते थांबायचं, याचंच तिला पहिल्या वर्षी अप्रूप वाटलं. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं चित्र ओरखडायचं, पत्रा आम्लात सोडायचा. आम्ल रेघा खातं. त्या रेघांत शाई भरायची, वरची शाई जाळीच्या कापडानं पुसून काढायची आणि ओल्या कागदावर दाबून छाप घ्यायची. एका छापेला सकाळ जायची. इतिहासाच्या तासाला तिची नखं काळी असत.

शेवटच्या वर्षाचं काम म्हणून तिनं घरचाच जिना काढला. वरून खाली पाहिलेला. वरच्या पायऱ्या उजळ, खाली उतरावं तशा काळ्या होत जाणाऱ्या, शेवटची जेमतेम दिसणारी. दहा प्रती काढल्या. प्रत्येकीखाली पेन्सिलनं डावीकडे प्रतीचा आकडा आणि उजवीकडे सही. पहिली प्रत तिनं आईला दिली. आईनं ती मांडणीशेजारी टांगली.

शिकवणाऱ्या बाईंनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "स्टुडिओत सहायकाची जागा रिकामी होतेय. एक तारखेपासून येशील? वर एक खोलीही मिळेल राहायला."

"येईन," ती म्हणाली. घरी मात्र तिनं हे सांगितलं नाही. रोज सकाळी टेबलासमोरून जाताना सांगायचं ठरवायची, आणि वडील मान वर न करता म्हणायचे, "डबा घेतलास का?"

कॉलेजच्या प्रदर्शनाला वडील आले ते एकटे नव्हते. सोबत खोकेवाले होते. पुठ्ठ्याची खोकी बनवणारे, छापखान्याचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. वडिलांनी खिशातलं भिंग काढलं आणि जिन्याच्या प्रतीला नाक लावलं. शेजारच्या मुलाला हसू आवरेना.

"हे आमच्या कॅलेंडरला हवं," खोकेवाले म्हणाले. "दरवर्षी त्याच त्या बदकांचा कंटाळा आलाय."

"मिळेल," वडील म्हणाले.

"नाही मिळणार," धाकटी म्हणाली. "दहाच प्रती काढायच्या ठरल्यात."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"मग तूच ठरव अकरावी."

खोकेवाले हसले. वडीलही हसले, आणि हसता हसता तिच्या खांद्यावर हात ठेवून खोकेवाल्यांना म्हणाले, "आता हीच बघणार आहे सगळं. मी सुटलो."

दुसऱ्या दिवशी तिनं पत्रा काढला, टेबलावर ठेवला आणि जाड सुईनं जिन्यावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली. प्रती पूर्ण झाल्या की पत्रा असा बाद करायची पद्धत आहे. बाद केल्याचा पुरावा म्हणून त्याचीही एक छाप घेतात. ती तिनं घेतली आणि वाळल्यावर घरी नेऊन वडिलांच्या टेबलावर ठेवली.

"आता अकरावी निघणार नाही," ती म्हणाली. "आणि एक तारखेपासून मी कॉलेजात कामाला जाणार आहे. राहायलाही तिथेच."

वडिलांनी फुली भिंगाखाली धरली.

"रेघ छान आलीये," ते म्हणाले. "पत्रा मात्र फुकट घालवलास."

"मुद्दामच."

"अगं, पत्र्याशी आपलं काय काम? आमची प्लेट रोज सकाळी जन्मते आणि संध्याकाळी भंगारात जाते." त्यांनी मशीनकडे हात केला. चार रंगांच्या चार नव्या प्लेटा भिंतीला टेकून उभ्या होत्या. चारींवर तिचा जिना होता. "आईकडची प्रत नेऊन प्रदर्शनाच्या संध्याकाळीच स्कॅन करून घेतली."

आई जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. हातात रिकामी चौकट.

"मीच काढून दिली," ती म्हणाली. "म्हटलं, घराघरात तुझं चित्र लागेल. तुला बरं वाटेल."

आईवर रागवायचं म्हटलं तरी कुठून सुरुवात करणार?

"कॉलेजात जा की," वडील म्हणाले. "कुणी धरून ठेवलंय? एवढं कॅलेंडर निघू दे."

मशीननं पहिले कागद टाकले. वडिलांनी एक उचलून दिव्याखाली धरला आणि कपाळाला आठी घातली.

"काहीतरी चुकतंय. बघ बरं."

ती बघणार नव्हती. तिनं पाहिलं.

"काळा निळसर झालाय. माझा काळा उबदार आहे, त्यात तपकिरी आहे. निळा उतरवा, पिवळा किंचित चढवा."

वडिलांनी निळा उतरवला. पुन्हा कागद आले.

"आता खालची पायरी बुजली," ती म्हणाली. "शाई कमी करा तिथली. आणखी. थोडी आणखी."

तिसऱ्या खेपेला पायरी उघडली. अंधारातली शेवटची कड, जिच्यासाठी तिनं आठवडा घातला होता, स्वच्छ दिसत होती. तिच्या दहा प्रतींतल्या निम्म्या प्रतींत ती इतकी नीट उमटली नव्हती.

"हे मला चष्म्यानं दिसलं नसतं," वडील म्हणाले. ते खूश होते, आणि खोटं बोलत नव्हते. "खोकेवाले विचारत होते, पुढच्या वर्षी काय? मी म्हटलं, खिडक्या. तू खिडक्या छान काढशील."

छपाई सुरू करायच्या आधी पसंत कागदावर गिऱ्हाइकाची सही लागते. खोकेवाले गावाला गेले होते.

"तुझं चित्र आहे, तूच कर," म्हणून वडिलांनी पेन पुढे केलं.

तिनं खिशातली पेन्सिल काढली आणि सही केली, चित्राखाली, उजवीकडे. डावीकडे आकड्याची जागा होती. तिथे पेन्सिल क्षणभर टेकली. मग तिनं ती जागा मोकळीच सोडली.

वडिलांनी बटण दाबलं. वर चमचे वाजू लागले, मग झाकण्याही. कागद जाड होता.