गच्चीवरची मिरची

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या परतत होतो.

मिरच्या दमयंतीने आणल्या होत्या. अंगात कणकण असताना तिनेच त्या चादरीवर पसरल्या आणि दुसऱ्या दिवशी तिला ॲडमिट करावं लागलं. आमच्या आगरी घरात उन्हाळ्यात वर्षाचा मसाला होतो. आजूबाजूला माणसं मरत होती, आणि ही पुढच्या वर्षभराच्या कालवणाची तयारी करत होती. वॉर्डातून तिचा शेवटचा फोन आला तोही त्यासाठीच. "मिरच्या परतल्या का? एका अंगावर ठेवू नका."

फोनवरच्या बाईने विचारलं, "दमयंती घरत यांचे कोण?"

"नवरा."

"पेशंट सकाळी गेल्या. बॉडी घरी मिळणार नाही. पुढचं पालिका करेल."

मी फोन खिशात ठेवला आणि उरलेल्या मिरच्या परतल्या.

"काका! वर काय करताय?" सोसायटीचा सेक्रेटरी चारुदत्त जिन्याच्या दारात उभा होता, तोंडावर दोन मास्क. "तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. दाराला पट्टी काय शोभेला लावलीय?"

"माझी बायको गेली," मी म्हटलं.

त्याने मास्क सावरला. मग म्हणाला, "वाईट झालं. पण खाली चला. आणि या मिरच्या उचला, नाहीतर आम्हाला फेकाव्या लागतील. काकूंचे हात लागलेत त्यांना."

"फेकून तर दाखव. तुलाच गच्चीवरून खाली घालतो."

मी पुढे झालो तसा तो मागे सरकला. मी खाली येऊन घरात शिरलो आणि त्याने वर जाऊन गच्चीला कुलूप घातलं. मिरच्या तिथेच राहिल्या.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली. त्यांच्या खाली चारुदत्तने उगवत्या सूर्याचा फोटो टाकला. हेही दिवस जातील, मन प्रसन्न ठेवा. मी ग्रुप सोडला. रोडपालीतल्या या बिल्डिंगीत आम्ही इतकी वर्षं राहिलो. दमयंतीच्या हातचं सुकटीचं कालवण न खाल्लेलं घर नाही. त्या दिवसांत एकाही घराचं दार उघडलं नाही. आशा ठेवा म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटायचं.

शिरढोणवरून मेव्हणी भामाचा फोन आला. आधी पोटभर रडली, मग म्हणाली, "भावजी, ताईच्या मिरच्या कुठं हाईत?"

"गच्चीवर. कुलपात."

"ऱ्हाऊं द्या. सुतकान मसाला करायचा नाय. मयताच्या घरान वरीसभर कुटत नाय, ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. आमच्या भावकीत अशा घराला नातेवाईक मसाला आणून देतात. पण त्या साली कोण कोणाकडे जाणार होतं?

त्याच आठवड्यात वादळ आलं. सकाळपासून खिडक्या आदळत होत्या, समोरच्या शेडचा पत्रा उडून रस्त्यावर आला. मी खिडकीतून ओरडलो, "गच्ची उघडा रे!" समोरच्यांनी खिडकी लावून घेतली. मग मी पलंगावर बसून राहिलो. ती गेली, आता तिची मिरचीही गेली, असं मनात म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मोकळंच वाटलं. आता काही सांभाळायला नको होतं.

दारावर थाप पडली. उघडलं तर पट्टीच्या पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर चादरीचं गाठोडं. चारुदत्त पाच पायऱ्या खाली, रेनकोटमधून पाणी गळत उभा.

"वरच्या थोड्या भिजल्यात. पंख्याखाली घाला."

"तू तर फेकणार होतास."

"गच्चीच्या पाइपात अडकल्या असत्या. सगळ्यांच्या घरात पाणी शिरलं असतं. तुमच्यासाठी नाही केलं." दोन पायऱ्या उतरून तो थांबला. "आणि मला अरेतुरे करू नका."

"बरं, सेक्रेटरीसाहेब."

त्याच्या कोपराला एक मिरची चिकटली होती. ते मी सांगितलं नाही. आभारही मानले नाहीत.

मिरच्या पंख्याखाली घातल्या. दुसऱ्या दिवशी कडक झाल्यावर देठ काढायला बसलो. हे काम दमयंती आणि भामा मिळून करायच्या, गप्पा मारत. मी फोन स्पीकरवर ठेवून भामाला लावला.

"काय करता?"

"देठ काढतोय."

"भावजी! सुतकान?"

"कुटत नाय मी. देठ काढायला कोणाची बंदी?"

तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "काढून डब्यान भरा. हिंगाचा खडा टाका. रस्ते उघडले का माझ्या घरी आणा, हितं कुटू. पन ताईचं माप मना ठाव नाय. तुमच्या जिभेला ठाव हाय का?"

"माझ्या जिभेला आणि नाकाला सध्या काहीच कळत नाय."

खरंच कळत नव्हतं. एवढ्या मिरच्यांत बसलो होतो आणि माती चिवडल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात एक मिरची फुटली, बी उडालं, आणि नाकात अशी झणझणीत कळ गेली की मी एकामागून एक शिंकत सुटलो. डोळ्यांतून पाणी आलं. ते थांबेना.

बाहेरून चारुदत्त ओरडला, "काका! काय झालं? ॲम्ब्युलन्स बोलवू का?"

"मिरची आहे!" मी ओरडलो. "जा तिकडे!"

फोनमधून भामा हसत होती. रडतही असेल. "वास आला?"

"आला."

अर्ध्या मिरच्यांचे देठ निघालेत, अर्ध्यांचे राहिलेत. मसाला कुटायचा आहे.