आईबापाची उंची

बाबांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि रविवार म्हणजे मापांचा दिवस. फुटबॉल क्लब तिसऱ्या श्रेणीतला; तयार खेळाडू आणायची ऐपत नाही, म्हणून बारा वर्षांची पोरं घ्यायची आणि घडवायची. कुणाला घडवायचं ते बाबा ठरवत. खेळ बघून झाला की पोराच्या आईबापाला कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला उभं करायचं, पोराच्या डोक्याशी खूण करायची आणि आईबापाच्या उंचीवरून पोरगं किती वाढेल ते सांगायचं. "खाण तशी माती," ते म्हणत. "नियम माझा नाही, निसर्गाचा. तक्रार तिकडे करा."

टेप त्यांची मुलगी धरी. वीस वर्षं धरत होती. अगदी सुरुवातीला, पालकांदेखत, ती एकदा म्हणाली होती, "बाबा, यांनी बूट काढले नाहीत."

"बघा, बाईसाहेबांना डोळे फुटले!" बाबा म्हणाले. सगळे हसले. "टेप धर, तोंड आवर."

त्यानंतर तिने दोन्ही केलं.

त्या रविवारी एका बुटक्या बाईचं माप झाल्यावर बाबांनी तिच्या मुलाला टपली मारली. "पाय झकास आहेत रे तुझे. फक्त डोक्याच्या फार जवळ आहेत." पोरगं हसलं, कारण सर हसत होते. आईला कळलं. बाहेर पडताना तिने मुलाची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"सर, तुमचा अंदाज कधी चुकला नाही," मैदान राखणारा म्हातारा म्हणाला.

"एकदाही नाही," बाबा म्हणाले आणि टेप गुंडाळू लागले.

एकदा चुकला होता. अकरा वर्षांपूर्वी. एका पोराला चिमणी हे नाव बाबांनीच दिलेलं. दोन धिप्पाड पोरांच्या मधून चेंडू घेऊन निसटायचा तो. मापाच्या दिवशी त्याच्या आईबरोबर एक ठेंगणा माणूस आला. बाबांनी मोजलं आणि मान हलवली. "चिमणीचा काही गरुड होत नाही." बुटाची नाडी सोडताना पोरगं तिला हळूच म्हणालं, "ताई, हे माझे दुसरे बाबा. पहिल्यांचं डोकं दाराच्या चौकटीला लागायचं."

ती सांगायला बाबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. आत बाबा कुणाला तरी तिची नक्कल करून दाखवत होते. बारीक आवाजात, मान वाकडी करून: "बाबा, यांनी बूट काढले नाहीत!"

ती मागे फिरली. भीतीने नव्हे; याबाबत तिने स्वतःशी कधी खोटेपणा केला नाही. बाबांची एक तरी चूक आपल्या मुठीत असावी, एवढंच तिला वाटलं. कधीतरी चारचौघांत उघडता येईल अशी.

आता पंधरा दिवसांवर बाबांचा सत्कार होता. सगळा क्लब जमणार, तिलाही दोन शब्द बोलायचे होते. तिने गुंडाळलेली टेप खिळ्याला अडकवली. ती चूक सत्काराच्या दिवसासाठी राखून ठेवली.

सोमवारी सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा मारताना बाबा खाली बसले, ते उठलेच नाहीत. सत्काराच्या खुर्च्या शोकसभेला लागल्या.

सभा संपल्यावर ती कपडे बदलायच्या खोलीत एकटीच होती. एक माणूस दारातून वाकून आत आला. मागून म्हातारा ओरडला, "अरे चिमणी! छत पाडशील की!"

अंगात सामान पोचवणाऱ्या कंपनीचं जाकीट होतं. "फ्रिज चढवतो, ताई. चार-चार मजले. उंचीचा उपयोग होतो."

"खेळतोस?"

"छे! सरांनी नाही म्हटल्यावर आईने बूट देऊन टाकले." त्याने भिंतीवर आपली जुनी खूण शोधली. ती त्याच्या छातीच्याही खाली होती. तो हसला. "जन्म दिला त्या बापावर गेलो बहुतेक. पण सरांचा काय दोष? तेव्हा कुणाला कळणार होतं?"

टेप अजून खिळ्यालाच होती. तिने टेपकडे पाहिलं नाही.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "नाडी सोडताना तूच सांगितलं होतंस. मी बाबांना सांगितलं नाही."

तो अजून हसतच होता.

"विसरले नव्हते रे," ती म्हणाली. "मुद्दाम नाही सांगितलं."