फुलवंताबाईंचा डबा आणि माझी लाल रेघ

मी एक जुनी लाल-निळी पेन्सिल आहे. आता बोटभरच उरले आहे, पण मित्रांनो, माझा तोरा अजून गेलेला नाही.

कारखान्यातून निघाले ती थेट गोंदिया जिल्ह्यातल्या एका दिवाणी न्यायालयात आले. तिथे दावा हरणाऱ्याला जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा लागतो. मागेल तेवढा नव्हे, वाजवी तेवढाच. जिंकणारा यादी देई. आमच्या न्यायाधीश मॅडम वाजवी रकमेवर निळी खूण करत आणि फुगवलेल्या रकमेवर लाल रेघ ओढत. त्यामुळे माझी लाल बाजू आधी झिजली.

एकदा चिचगडच्या फुलवंताबाई बांधावरच्या वाटेचा दावा चुलत दीर बकारामशी हरल्या. त्याच्या नीटनेटक्या यादीत साक्षीदारांच्या जेवणाचे नऊ हजार होते. हरलो म्हणजे मागतील ते द्यायचं, असं बाईंना वाटलं. त्यांनी आईचे चांदीचे गोट रुमालात बांधून आणले होते. तो रुमाल पाहून माझा जीव तुटला.

मॅडमनी माझं निळं टोक कागदावर टेकवलंच होतं. तेवढ्यात त्यांना बाईंजवळचा चार पुडांचा डबा दिसला.

"एवढा डबा कोणासाठी?"

"सारेच जेवतो जी. साक्षीवाले बी," फुलवंताबाई म्हणाल्या.

"तुमच्याविरुद्ध साक्ष देणारे?"

"मंग त्याइले उपाशी ठेवू का जी? गावचेच होत. एकाच गाडीनं येतो आमी."

मॅडमनी साक्षीदार खुशालकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "हो जी. साक्षीचे सारे दिवस वयनीच्याच डब्यातलं खाल्लो. भाकर न् अंबाडीची भाजी."

"मग हे नऊ हजार?"

बकाराम ओशाळला. "सारेच लिहितेत, म्हनून लिहिलो जी."

मॅडमनी मला उलटं केलं आणि सर्रकन लाल रेघ ओढली. वकिलाची फीही नियमात बसवली. उरलेली रक्कम बाईंना झेपणारी होती. त्यांनी तिथेच गोट पुन्हा हातात घातले. जाताना बकारामने स्वतः त्यांचा डबा उचलला.

आता बेरजा संगणक करतो आणि मी खणात धूळ खात पडून असते. त्याचा राग नाही. पण मित्रांनो, तुमच्या हाती कोणाची यादी आली, तर खूण करण्याआधी समोरच्या माणसाला दोन शब्द विचारा. त्या दिवशी मॅडमनी विचारलं नसतं, तर ते गोट माझ्याच निळ्या खुणेने गेले असते.