बंद इंजिनाचा आवाज

सूनबाईला कान नाहीत. ती गॅरेजमध्ये आली त्या पहिल्याच आठवड्यात मी हे जाहीर केलं होतं, आणि गेली नऊ वर्षं रोज एकदा तरी तिला ऐकवत आलो होतो. तिच्याकडे आहे काय, तर एक मशीन. स्टिअरिंगखाली वायर खुपसायची, पडद्यावर आकडे आले की वाचून दाखवायचे. आकडे वाचायला मेकॅनिक कशाला हवा? शिवाय दोन वर्षांपासून बाई माझ्याशी ओरडूनच बोलते. सासऱ्याशी कसं बोलावं, याचं वळणच नाही.

माझी पद्धत साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. जुनी गाडी घेण्याआधी लोक ती माझ्याकडे आणतात. बॉनेट उघडायचं, हात मागे बांधायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. गाडीला बोटसुद्धा लावायचं नाही. चाळीस वर्षांत अशा किती गाड्यांचं पितळ उघडं पाडलं, मोजदाद नाही. लोक मला उस्ताद म्हणतात ते उगाच नाही.

आमच्या रोजच्या भांडणाला मुलगा विटला. गेल्या महिन्यात एक टॅक्सीवाला तक्रार घेऊन आला होता. मी चांगली म्हटलेली गाडी पंधरा दिवसांत बंद पडली म्हणे. मी त्याच्या चालवण्याचे वाभाडे काढून त्याला हाकलून दिलं, तर सूनबाई त्याची बाजू घेऊन भांडली. त्या दिवशी जेवताना मुलाने ताट बाजूला सारलं. म्हणाला, "आता पुढच्या गाडीला तुमचं दोघांचं मत वेगळं निघालं, तर ज्याचं चुकेल त्याने गाड्या पारखणं बंद करायचं. कायमचं." मी घास गिळायच्या आत हो म्हणालो. तीही म्हणाली. तिला काय, ती उद्या दुसरं काहीतरी शिकेल. मला मात्र या एका कामाशिवाय जगात काहीच येत नाही.

आणि पुढची गाडी आली ती नेमकी हायब्रिड.

चंदेरी सेडान, सहा वर्षं वापरलेली, चार माणसं आणि त्यांच्या बॅगा आरामात मावतील एवढी. आणणारी बाई नर्स होती. दोन मुली, नवऱ्याची पाठ दुखरी, त्याला सरळ बसता येईल अशी गाडी हवी होती तिला. मालकाने एक वाजेपर्यंतच गाडी तिच्या ताब्यात दिली होती. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. नर्सही हल्लीच्या सगळ्यांसारखी तोंडातल्या तोंडात बोलणारी निघाली. मला दोनदा "काय?" विचारावं लागलं.

या गाड्यांचा मला मनापासून राग आहे. पोटात पेट्रोलचं इंजिन, मागच्या सीटखाली भलीमोठी बॅटरी. उभी असली की इंजिन झोपलेलं, वाटेल तेव्हा आपलं आपण उठणार. चावी फिरवायची नाही, काही नाही. सूनबाईने बटण दाबलं, पुढे एक दिवा लागला, संपलं.

मग तिचा कार्यक्रम सुरू झाला. मशीन लावलं. मागच्या सीटजवळच्या जाळीतून कापसासारखी धूळ काढली. म्हणे त्यातून बॅटरीला हवा मिळते. मी म्हणालो, "झाडूपोछा झाला असेल तर मी बघू का?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. नर्सला म्हणाली, "बॅटरी उत्तम आहे. मशीनवर एकही दोष नाही." आणि मग मान वाकडी करून इंजिनाकडे बघत राहिली.

मी तिला हातानेच बाजूला व्हायची खूण केली. हात मागे बांधले. डोळे मिटले. ऐकलं. कुठे खट्ट नाही की घरघर नाही.

"इंजिन बंद आहे," मी म्हणालो. "बॅटरीवर उभी आहे. बिनधास्त घ्या, बाई."

"बाबा, इंजिन चालू आहे," सूनबाई ओरडली. "आणि खडखडतंय."

तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझंच मशीन म्हणतंय ना एकही दोष नाही म्हणून?"

"मशीन म्हणतंय. मला ऐकू येतंय."

"तुला? तुला कान आहेत का?"

नर्स पुढे झाली. "काका, आवाज मलाही येतोय."

"तुम्ही इंजेक्शनं द्या," मी म्हणालो. आता आठवलं तरी लाज वाटते.

सूनबाईने मशीन खाली ठेवलं. "हात लावून बघा."

"मी हात लावत नाही."

तिने माझं मनगट धरलं, पाठीमागून ओढून पुढे आणलं आणि पंजा इंजिनावर दाबला.

ते थरथरत होतं. बोटांपासून कोपरापर्यंत थरथर चढली. मी डोळे उघडले. पट्टा फिरत होता. माझ्या नाकासमोर फिरत होता, आणि मला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं.

"आत्ता सुरू झालं असेल," मी म्हणालो.

"पाच मिनिटं झाली."

इतर गाड्यांचं बरं होतं. चावी फिरलेली दिसायची, म्हणजे इंजिन चालू, एवढं ठरलेलं असायचं. उरलेलं मी ऐकतोय असं मला वाटायचं. त्या टॅक्सीवाल्याचं तोंड डोळ्यांसमोर आलं. त्याच्या आधी अजून किती जण असतील कोण जाणे. मला भीती वाटली. खरीखुरी भीती.

नर्सने घड्याळ पाहिलं. "मग घेऊ की नको?"

मी सूनबाईकडे वळलो. "कसा आवाज आहे?"

"काय म्हणालात?" तिला स्वच्छ ऐकू गेलं होतं.

"कसा आवाज आहे, सांग."

तिने इंजिनाजवळ कान नेला. मग म्हणाली, "डब्यात खिळे हलवावे तसा. सुरू होताना गाडी हादरते, मग कमी होतो."

"पाण्याची बाटली बघ. इंजिन थंड करायच्या पाण्याची."

तिने वाकून पाहिलं. "खूप खाली गेलंय."

"आणि खाली जमिनीवर गळती?"

"नाही. कोरडं आहे."

"घेऊ नका, बाई," मी नर्सला म्हणालो. "पाणी इंजिनाच्या आत उतरतंय. मशीनला कळेल तोवर इंजिन गेलेलं असेल. आणि हे हिने पकडलंय, मी नाही."

नर्स गाडी परत करायला निघून गेली. गॅरेजमध्ये आम्ही दोघंच उरलो. मी गल्ल्याजवळच्या माझ्या खुर्चीकडे गेलो, पण बसलो नाही. सूनबाईने फोन काढला होता.

"टॅक्सीवाल्याला बोलावतेय," ती म्हणाली. "त्याची गाडी मी ऐकणार."

"ऐक," मी म्हणालो. मग राहवेना. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं," ती नेहमीसारखी ओरडून म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं," ती म्हणाली. "तेव्हा ओरडत नव्हते."