नवे बाक

आमचे हे सुतार म्हणून एक नंबर, पण माणूस नको तितका भला. सरकारी शाळेनं बाक सांगितले, ह्यांनी लाकूड उधार आणून करून दिले. नियम असा, की आधी तपासनीस माल बघणार, मगच पोरांनी त्यावर बसायचं. तपासनीस काही येईना, आणि पोरं गारठलेल्या फरशीवर. ह्यांचा जीव तुटला. म्हणाले, बसू द्या पोरांना. मी तेव्हाच कपाळावर हात मारला होता.

साहेब उगवले वर्षानं. तोवर पोरांनी बाकांवर आपली नावं कोरली होती, मोठ्या बाईंचं चित्रसुद्धा काढलं होतं. साहेब म्हणाले, माल जुना दिसतोय, नवा दाखवा, मग बिल. इकडे लाकूडवाला दारात बसलेला. त्याचंही दुकान बुडायला आलेलं, त्याला कुठल्या तोंडानं बोलणार? रविवारपर्यंत पैसे द्या, नाहीतर रंधा मशीन नेतो, म्हणाला. मशीन गेलं की आमचा धंदाच बसला.

मग काय, त्याच आठवड्यात शाळेला सुट्टी लागली, आणि आम्ही दोघं शाळेत. हे रंधा मारायचे, मी पॉलिश पेपरनं घासायची. बोटांची सालं निघाली. पण बाक असे चकचकीत झाले, की मोठ्या बाई बघतच राहिल्या.

शनिवारी साहेब आले. बाकावरून बोट फिरवलं, वास घेतला.

"हे तर आत्ता केलेत. मग बिलात माल वर्षापूर्वी दिला, असं कसं?"

माझं डोकंच फिरलं.

"जुने होते तेव्हा तुम्हाला नवे हवे होते. आता नवे केले, तर जुने हवेत. साहेब, पैसे द्यायचेच नाहीत, एवढं तोंडानं सांगा की."

ह्यांनी माझा हात दाबला. मोठ्या बाई साहेबांना परोपरीनं सांगत होत्या, पण साहेबांना पुरावा हवा होता. आणि पोरांची नावं तर आम्हीच तासून टाकलेली.

साहेबांनी चौकशीचा शेरा लिहिला. लिहायला बसले आमच्याच बाकावर, ऐसपैस. मेला बाक जरासा करकरलासुद्धा नाही. ह्यांचं काम ना ते!

रविवारी लाकूडवाला टेम्पो घेऊन आला. मान खाली. मशीन जड, त्याला एकट्याला हलेना. मी दारातून बघत होते. दुसरी बाजू ह्यांनी धरली.