फीत कापेपर्यंत

नव्या डायलिसिस कक्षाच्या दाराला लाल रेशमी फीत बांधली होती आणि तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. जुनी मशीन्स उचलून नेली होती. नवी आत चकचकीत उभी होती, पाण्याची जोडणी झाली होती, तपासणीही झाली होती. फक्त आरोग्यमंत्री यायचे होते. तोवर आम्ही बाहेर बाकावर.

माझा धाकटा भाऊ बस कंडक्टर, किडन्या गेल्यापासून रजेवर. बसमध्ये त्याचं ‘पुढे सरका, आत जागा आहे’ शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायचं. घरी मात्र अगदी गरीब गाय. त्याच्या वाटचं भांडण आयुष्यभर मीच भांडत आले. या फितीपायी त्याची डायलिसिसची एक पाळी हुकली होती. पाय चपलेत मावत नव्हते, दोन शब्द बोलला की धाप लागत होती. दुसऱ्या दवाखान्यांनी हात वर केले होते.

“मशीन चालतंय ना?” मी टेक्निशियनला विचारलं.

“चालतंय हो ताई. पण उद्घाटनाआधी लावलं तर माझी नोकरी जाईल.”

“आणि याचा जीव गेला तर?”

मग मी रुग्णालयाच्या अधीक्षकांना गाठलं.

“बाई, तुम्हीच सांगा,” ते म्हणाले, “वापरलेल्या मशीनचं उद्घाटन मंत्रीसाहेबांनी कसं करायचं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्या कपड्याची घडी मोडू नये म्हणून माणसं उघडी ठेवायची! वर भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं, ‘राज्यातील प्रत्येक नागरिकाच्या आरोग्यासाठी’. त्याच्याखाली ते नागरिक बसले होते, पाणी प्यायची चोरी म्हणून नुसते ओठ ओले करत.

“ताई, गप्प बस,” भाऊ माझी बाही ओढत म्हणाला. “उगाच तमाशा नको.”

थोड्या वेळाने अधीक्षक स्वतःच बाहेर आले. बाकावरून नजर फिरवली आणि भावाकडे बोट केलं. “तुम्ही. चला आत.” मागच्या दाराने नेलं आम्हाला. मला इतका आनंद झाला की त्या माणसाचे मी चक्क आभार मानले. निघताना बाकावर शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, “नशीब काढलंस गं.”

आत भावाला पलंगावर झोपवलं. सुजलेले पाय चादरीखाली झाकले. टेक्निशियनने नळ्या आणल्या आणि चिकटपट्टीने त्याच्या हाताला चिकटवल्या.

“सुई कुठाय?” मी म्हटलं.

“फोटोपुरतं आहे ताई,” तो पुटपुटला.

“झालं की उठायचं,” अधीक्षक म्हणाले. “रीतसर सुरुवात सोमवारी. साहेबांनी विचारलं तर खूप बरं वाटतंय म्हणायचं. नाहीतर सोमवारचंही बघावं लागेल.”

माझा हात शिवशिवत होता. कानाखाली वाजवली असती तर मला बरं वाटलं असतं, पण भावाची पाळी गेली असती. सोमवारपर्यंत हा तग धरेल का, हे मला कुणी सांगत नव्हतं. मी भिंतीला टेकून दातओठ खात उभी राहिले.

मंत्री आले. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, कॅमेरे आत घुसले. हातातली कात्री तशीच धरून मंत्री पलंगापाशी वाकले. “काय, कसं वाटतंय?”

भावाने श्वास घेतला. पुन्हा घेतला.

“साहेब, मशीन बंद आहे.”

“घाबरलाय तो, सर,” अधीक्षक हसले.

भावाने चिकटपट्टी ओढून काढली आणि नळी वर धरली. “सुई टोचलीच नाही. फोटो झाला की घरी जा म्हणालेत.”

कॅमेरे चालूच होते. मंत्र्यांचे कान लाल झाले. त्यांनी अधीक्षकांकडे रोखून पाहिलं.

“आत्ता सुरू करतो, सर,” टेक्निशियनच म्हणाला. त्याने मशीन तयार केलं आणि खरी सुई टोचली. तोवर मंत्र्यांना हलता येईना, कारण कॅमेरे हलत नव्हते. शेवटी मशीन घरघरलं आणि भावाचं रक्त नळीतून सरकताना दिसलं. मला रडू फुटलं. रागानेच फुटलं.

मंत्र्यांची गाडी वळली तसे अधीक्षक दारात आडवे उभे राहिले. “एवढं एकच. बाकीच्यांनी सोमवारी या.”

बाहेर बाक गच्च भरलेला, आत भावाच्या शेजारचे सगळे पलंग मोकळे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावाने मान उचलली. धाप होतीच, तरी आवाज थेट बाकाच्या टोकापर्यंत गेला.

“चला, पुढे सरका! आत जागा आहे!”

कुणीच हललं नाही. मग आजी उठल्या. अधीक्षकांना कोपराने बाजूला सारत, खाली पडलेल्या फितीवर पाय देऊन त्या आत आल्या. त्यांच्यामागे सगळा बाक उठला. टेक्निशियन दुसऱ्या मशीनकडे वळला.